गोळी कोणती ते नंतर, आधी घेता कधी ते सांगा

पोटाच्या औषधांबद्दल काय विचारायचंय ते विचारा असं मागच्या अंकात लिहिलं आणि एवढी पत्रं आली की निवडता निवडता दमले. आधीच सांगते, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे तुम्हाला नेमकं काय झालंय हे मी इथे बसून सांगणार नाही. पण हातात आलेलं औषध पोटात जाऊन काय करतं, ते कधी, कशासोबत आणि किती दिवस घ्यायचं, हे माझं रोजचंच काम. आणि पत्रं वाचताना सारखं एकच जाणवत होतं, की 'लागू पडत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं औषध बरोबर आहे, घड्याळ तेवढं चुकलंय.

प्रश्न: मॅडम, छातीत जळजळ आणि घशाशी आंबट येणं असा तीन महिन्यांचा त्रास आहे. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल ४० सकाळी घ्यायला सांगितलं, पण मला त्रास रात्री होतो म्हणून मी ती जेवून झोपताना घेतो. आठवडा झाला, काडीचाही फरक नाही. गोळी बदलून मागू का?

गोळी राहू द्या, वेळ बदला. हे नीट समजून घ्या कारण ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, एसोमेप्राझोल सगळ्यांचं काम एकाच पद्धतीने चालतं. जठराच्या आतल्या भिंतीत ॲसिड तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींमध्ये बारीक बारीक पंप असतात. पोट रिकामं असताना यातले बरेचसे पंप झोपलेले असतात, घास खाली उतरायला लागला की ते उठून कामाला लागतात. आता गंमत अशी की ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपालाच धरते, झोपलेल्याच्या वाटेला ती जात नाही, आणि रक्तात ती फार वेळ थांबतही नाही, तासा-दोन तासांत तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे तुम्ही जेवून, गोळी गिळून आडवे झालात की गोळी आतड्यात विरघळून रक्तात येईपर्यंत जेवणाची गर्दी ओसरलेली, पंप पुन्हा झोपायच्या तयारीत, आणि गोळी आली तशी गेली.

म्हणून खाण्याआधी अर्धा ते एक तास. सकाळी उठलात, गोळी घेतली, आवरलं, मग नाश्ता. एकदा धरलेला पंप पुन्हा सुटत नाही, शरीराला नवा पंप बनवावा लागतो, त्यामुळे औषध रक्तातून निघून गेलं तरी परिणाम दिवसभर राहतो आणि रात्रीचा त्रासही सकाळच्याच गोळीने कमी होतो. पण पहिल्या दिवशी चमत्कार होत नाही, सगळे पंप एकाच वेळी चालू नसतात ना, पूर्ण असर यायला तीन ते पाच दिवस जातात. तोवर जळजळ झाली तर साधं अँटासिड घ्या. सकाळी नीट घेऊनही दोन-तीन आठवड्यांत रात्रीचा त्रास राहिलाच तर रात्रीच्या जेवणाआधी दुसरा डोस द्यायचा का हे डॉक्टर ठरवतील. आणि जेवण नि झोप यात तीन तास जाऊ द्या, तुमचं निम्मं दुखणं तिथे असेल असं मला वाटतं.

एक बघितलेली गोष्ट सांगते. एक ताई वडिलांना गिळायला त्रास होतो म्हणून रोज पॅन्टोप्राझोलची गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करायच्या, अगदी मायेने, एक कण वाया जाऊ द्यायच्या नाहीत. त्या गोळीवर जे गुळगुळीत पिवळं आवरण असतं ना, ते तिला जठरातल्या ॲसिडपासून वाचवायला असतं, कारण हे औषध ॲसिडमध्ये नासतं. पूड केली की वाचवणारं कोणी राहिलंच नाही. काही कंपन्यांच्या कॅप्सूल उघडून आतले दाणे मऊ खाण्यावर टाकून न चावता गिळता येतात, पण ते प्रत्येक कॅप्सूलला चालत नाही, विचारूनच करायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिळायला त्रास होतो हीच गोष्ट त्यांनी डॉक्टरांना सांगितली नव्हती. घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखी काळी शी, उलटीत रक्त, यातलं एक जरी असलं तरी तिथे ॲसिडिटीची गोळी घेत बसायचं नाही, एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आतून बघणं, लागते. आणि छातीत दाब येऊन घाम फुटत असेल, चालताना वाढत असेल, तर 'गॅस असेल' म्हणत अँटासिड शोधू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: दोन वर्षं रोज ॲसिडिटीची कॅप्सूल घेतेय. इंटरनेटवर दुष्परिणाम वाचून घाबरून बंद केली तर चौथ्या दिवशी पूर्वीपेक्षा दुप्पट जळजळ. मला या गोळीची सवय लागली का? माझ्या पाकिटावर दोन औषधांची नावं आहेत, दुसरं डॉम्पेरिडोन.

व्यसन लागतं तशी सवय नाही, पण तुम्हाला जाणवलं ते खोटं नाही. महिनोन्‌महिने ॲसिड दाबून ठेवलं की शरीर म्हणतं ॲसिड कमी पडतंय, आणि ते वाढवायचा हुकूम देणारं गॅस्ट्रिन नावाचं हॉर्मोन जास्त सोडायला लागतं. गोळी अचानक थांबवली की तो सगळा हुकूम एकदम अमलात येतो. डेन्मार्कमध्ये २००९ साली एक अभ्यास छापून आला, १२० ठणठणीत माणसं, कुणालाच ॲसिडिटी नव्हती. काहींना आठ आठवडे एसोमेप्राझोल दिलं आणि मग बंद केलं, बाकीच्यांना सुरुवातीपासून नुसती खोटी गोळी. औषध बंद केल्यावरच्या महिन्यात खऱ्या गोळीवाल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर वगैरे त्रास झाला, खोट्या गोळीवाल्यांत १५ टक्के. म्हणजे बघा, ज्यांना दुखणंच नव्हतं त्यांना औषध सोडताना ते झालं. तुम्हाला चौथ्या दिवशी जे झालं त्याचा अर्थ जुना आजार उलटला असाच होत नाही.

मग करायचं काय, तर हळूहळू उतरायचं. आधी डोस निम्मा, दोन आठवड्यांनी एक दिवसाआड, मग त्रास झाला तरच. मधल्या दिवसांत जळजळ झाली तर अँटासिड किंवा अल्जिनेटचं औषध घ्या, अल्जिनेट पोटातल्या अन्नावर सायीसारखा थर धरतं आणि ॲसिड वर उसळू देत नाही. गरज पडली तर फॅमोटिडीन, ते लवकर काम करतं पण रोज घेतलं तर आठ-पंधरा दिवसांतच त्याची धार कमी होते, म्हणून अधूनमधून घ्यायला बरं. (त्याच्याच घरातलं रॅनिटिडीन तुमच्याकडे जुनं पडलेलं असेल तर घेऊ नका, त्यात एनडीएमए नावाचं घातक द्रव्य सापडलं म्हणून अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं.)

पण थांबा, सगळ्यांनी ही गोळी सोडायची नसते. अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झालेला, अन्ननलिकेला मोठ्या जखमा किंवा बॅरेट्स इसोफॅगस (ॲसिडने अन्ननलिकेचं आतलं अस्तर बदलणं) असलेले, वय झालंय आणि रोज ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत असे लोक, यांना ती मुद्दाम लावून ठेवलेली असते. तुम्हाला कशासाठी दिली होती ते आधी डॉक्टरांना विचारा, दोन वर्षांत विचारलं नसेल तर आता विचारा. भीती म्हणाल तर वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासत राहावं, हाड मोडण्याचं आणि आतड्याच्या काही इन्फेक्शनचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसतं, पण म्हणून रातोरात गोळी फेकून द्यावी असं त्यात काही नाही.

खरं सांगू का, तुमच्या पाकिटातल्या दुसऱ्या नावाची मला जास्त काळजी वाटते. डॉम्पेरिडोन हे मळमळ थांबवणारं, पोट पुढे ढकलणारं औषध. काही लोकांत त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ साली सांगितलं की फक्त मळमळ-उलटीसाठी द्या, मोठ्या माणसाला १० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळांपेक्षा जास्त नाही आणि साधारण एका आठवड्यापेक्षा जास्त नाही. तुम्हाला मळमळ आहे का? पत्रात तर कुठे लिहिलेलं नाही. मग ते दोन वर्षं कशासाठी पोटात चाललंय? साठी ओलांडली असेल, हृदयाचा काही त्रास असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसीन हे अँटिबायोटिक, फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध असं काही घ्यायची वेळ आली तर हे आवर्जून सांगायचं. सोडायची सुरुवात इथून करता येईल का, हाच पहिला प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: एन्डोस्कोपीत पोटात एच पायलोरी हा जंतू निघाला. चार औषधं, १४ दिवस. सहावा दिवस आहे, तोंड कडू, धातू चघळल्यासारखं लागतंय, आणि शी काळी व्हायला लागली म्हणून घाबरलोय. पोट दुखायचं थांबलंय. बंद करू?

अजिबात नाही, आठ दिवस राहिलेत, दात-ओठ आवळून काढा. चारांत बिस्मथ असेल तर शी काळी होणारच, जीभसुद्धा काळी पडते, औषध संपलं की जाते. फक्त काळी आणि काळी यात फरक आहे, बिस्मथची शी नुसती काळी असते, रक्ताची काळी चिकट, डांबरासारखी, घाण वास मारणारी असते आणि सोबत चक्कर, थकवा येतो. तसं वाटलं तर त्याच दिवशी दाखवा. तोंडाची ती चव मेट्रोनिडॅझोलची किंवा क्लॅरिथ्रोमायसीनची, तीही जाते. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू नको.

दुखणं थांबलं म्हणजे जंतू मेला असं नाही. हा मोठा चिवट प्राणी आहे, चक्क ॲसिडमध्ये राहतो. पूर्वी डॉक्टर मानायलाच तयार नव्हते की पोटात जंतू जगू शकतो, सगळं खापर टेन्शन आणि तिखटावर. शेवटी १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी हा जंतू असलेलं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं, काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आलेली दिसली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. अर्धवट औषध घेतलंत तर उरलेले जंतू त्याच अँटिबायोटिकला दाद देत नाहीत आणि पुढच्या वेळी पर्याय कमी होतात. कोर्स संपल्यावर जंतू गेला का याची श्वासाची किंवा शीची टेस्ट करतात ती किमान चार आठवड्यांनी, आणि टेस्टच्या आधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद हवी. ही अट बरेच लोक विसरतात आणि जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' म्हणून येतो.

प्रश्न: ताई, बाळ चौदा महिन्यांचं आहे, काल रात्रीपासून सात-आठ वेळा पातळ शी झाली. ओआरएस दिलं की ओकून टाकतंय. मोठ्यांची जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी घरात आहे, पाव तुकडा देऊ का? सासूबाई म्हणतात द्या, काही होत नाही.

पत्र मिळाल्या मिळाल्या तुम्हाला उत्तर कळवलंय, पण बाकीच्यांसाठी इथे छापतेय कारण हा प्रश्न दर पावसाळ्या-उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला पडतोच. नाही, पाव नाही, कणभरसुद्धा नाही. लोपेरामाइड आतड्याची हालचालच थंड करतं, दोन वर्षांखालच्या मुलांना ते द्यायचंच नाही, आतडं थंडावून पोट फुगतं, बाळ सुस्त पडतं, जीवावर बेतू शकतं. सासूबाईंना सांगा मी सांगितलं म्हणून, वाईटपणा माझ्याकडे.

जुलाबात मुलाला धोका असतो तो पाणी आणि मीठ निघून जाण्याचा. आता साधं पाणी का पुरत नाही, तर आतड्याच्या भिंतीत असं एक दार आहे जे साखर आणि मीठ जोडीने आले तरच उघडतं, आणि ते आत गेले की पाणी त्यांच्या मागे ओढलं जातं. कितीही जुलाब होत असले तरी बहुतेक वेळा हे दार चालू असतं. म्हणून ओआरएसमध्ये दोन्ही अगदी मोजून असतात, २००२ पासूनच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपायला आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्याच हातांनी पाजायला लावलं, तीसेक टक्क्यांच्या घरात गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आलं. सांगायचं कारण एवढंच की त्या पुडीला साधं समजू नका.

पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्यायचं, काही पुड्या एक लिटरच्या, काही २०० मिलिलिटरच्या असतात. बाळ कमी पितं म्हणून अर्ध्या पाण्यात घट्ट कालवलंत तर उलटं नुकसान, रक्तात मीठ वाढतं. बाटलीतले गोड ज्यूस किंवा एनर्जी ड्रिंक ओआरएस नव्हे, नाव काहीही असो, जास्त साखरेने जुलाब वाढतात. ओकतंय कारण तुम्ही वाटीने देताय. चमचा घ्या, एक चमचा, मिनिटभर थांबा, परत एक चमचा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू, अजून हळू. रात्रभर चमचा घेऊन बसायला जीव कंटाळतो हे मला माहितीये, आळीपाळीने बसा. प्रत्येक पातळ शीनंतर साधारण ५० ते १०० मिलिलिटर पोटात जायला हवं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं बंद करू नका, कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. सोबत झिंक, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, रडताना पाणी नाही, सहा तासांत शू नाही, शीत रक्त, किंवा बाळ हाक मारूनही मलूल पडून राहिलं तर चमचा खाली ठेवा आणि उचलून न्या.

मोठ्यांना लोपेरामाइड चालतं, आधी ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शीनंतर २, स्वतःच्या मनाने दिवसाला ८ च्या वर नाही. ताप असेल किंवा आंव-रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही नाही.

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची आहे. पोटात मुरडा येतो, पोट फुगतं, दिवसातून चार-पाच वेळा पळावं लागतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल, आयबीएस म्हणाले, म्हणजे तपासणीत काही न दिसता आतडं बिनसणं. आणि डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी दिली, अमिट्रिप्टिलिन १०. म्हणजे त्यांना वाटतं मी नाटक करतेय?

नाही गं. उलट तुझं दुखणं खरं मानलंय म्हणून ती गोळी दिलीय, फक्त समजावून सांगायला पाच मिनिटं दिली असती तर तुला हे पत्र लिहायची वेळ आली नसती. आतड्याला स्वतःच्या नसांचं मोठं जाळं आहे आणि आयबीएसमध्ये त्या नसा फार हळव्या झालेल्या असतात, दुसऱ्याला कळणारही नाही एवढा गॅस तुला कळ बनून लागतो. अमिट्रिप्टिलिन थोड्या डोसात या नसांचा आवाज कमी करतं आणि आतड्याचा वेगही जरा मंद करतं, म्हणजे पळापळवाल्या तुझ्यासारखीला ते दोन्ही अंगांनी बरं. डिप्रेशनला हेच औषध ७५, १०० असं कितीतरी जास्त देतात. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ४६३ आयबीएस पेशंटचा एक अभ्यास आला, सहा महिने १० ते ३० मिलिग्रॅम, आणि खोट्या गोळीपेक्षा आराम स्पष्ट जास्त होता. रात्री लवकर घे, नाहीतर सकाळी डोकं जड राहतं. तोंड कोरडं पडेल. आणि तीन-चार आठवडे तरी दे तिला, चार दिवसांत सोडू नकोस.

कळ येते तेव्हासाठी मेबेव्हरिन दिलं असेल तर ते जेवणाआधी वीस मिनिटं. डायसायक्लोमिन कळ लवकर सोडवतं, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी ते टाळावं, हे तुझ्यासाठी नाही, घरातले मोठे तुझ्या पाकिटातली गोळी घेतात म्हणून लिहितेय. फुगण्यासाठी सिमेथिकोन विचारलंयस, ते रक्तात जातच नाही, गॅसचे बारीक बुडबुडे फोडून एकत्र करतं एवढंच, घेऊन बघ, फार आशा ठेवू नकोस.

प्रश्न: पोट साफ होत नाही म्हणून बिसाकोडिल रोज रात्री दुधाबरोबर घेतो. पूर्वी छान चालायची, आता रात्रभर पोटात पिळतं. वय ६७.

काका, दूध बाजूला करा. या गोळीवरही आवरण आहे, ते मोठ्या आतड्याजवळ सुटायला हवं, पण दूध किंवा अँटासिड सोबत असलं की वरच सुटतं आणि पिळवटून काढतं. एक तासाचं अंतर ठेवा. आणि ही अडीअडचणीची गोळी आहे, काम करायला तिला सहा ते बारा तास लागतात म्हणून रात्री घ्यायची, पण रोजच्यासाठी लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल बरं, ती आतड्यात पाणी धरून ठेवतात. लॅक्टुलोजला एक-दोन दिवस लागतात आणि सुरुवातीला गॅस होतो, पहिल्याच दिवशी 'चालत नाही' म्हणून बाटली ठेवून देऊ नका. इसबगोल घ्यायचं तर मोठा ग्लासभर पाण्यातून आणि वर आणखी पाणी, कोरडं तोंडात टाकून घोटभर पाणी प्यायलं तर ते घशातच फुगतं. झोपायच्या तोंडावर तर नकोच.

आणि बाकी काय काय चालू आहे ते लिहिलं नाहीत. लोह, कॅल्शियम, ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी, ॲल्युमिनियमचं अँटासिड, या सगळ्यांनी पोट धरतं. सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. सदुसष्टाव्या वर्षी सवय नव्याने बदलली असेल किंवा रक्त दिसलं असेल तर गोळ्यांआधी तपासणी.

प्रश्न: थायरॉइडची गोळी वाढवत वाढवत ५० वरून १०० वर नेली तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) खाली येत नाही. सकाळी थायरॉइडची गोळी घेऊन लगेच दोन चमचे अँटासिड घेते, कारण उपाशीपोटी जळजळ होते. याचा संबंध असेल?

असेल काय, बहुतेक तोच आहे. अँटासिडमधलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला धरून बसतं आणि ती शोषली न जाता तशीच बाहेर जाते. दोन्हीत चार तासांचं अंतर हवं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम. डोस मनाने कमी करू नका, पण अंतर ठेवायला लागलात हे डॉक्टरांना नक्की कळवा, कारण आता १०० ची गोळी खरोखर १०० सारखी लागेल आणि छातीत धडधड, हात थरथरणं सुरू होऊ शकतं. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करा, त्याआधी केलंत तर आकडा पुरता हललेला दिसणार नाही आणि डोस पुन्हा वाढवून मिळेल.